झाडाखाली घेतलेलं जीपीएस रीडिंग म्हणजे शेवटचा शब्द नाही

संपादक साहेब, नमस्कार.

वनहक्क दाव्यांची (म्हणजे जंगलात आधीपासून कसत असलेल्या जमिनीवर हक्क मागणाऱ्या अर्जांची) मोजणी जीपीएसने होते हे चांगलंच आहे, पण ती कधी आणि कशी होते यावर कुणी बोलत नाही म्हणून लिहितोय. आमच्या गावात (गडचिरोली जिल्हा) मोजणीवाले आले ते ऐन सप्टेंबरात, हातात छोटं मशीन, शेताच्या कोपऱ्यावर गेले की बटन दाबायचं आणि लगेच पुढे. आता आमच्या शेताचे कोपरे म्हणजे मोहाची नाहीतर सागाची झाडंच, आजोबांपासून हद्द ओळखतात ती त्यावरूनच. काकांची वहिवाट एक एकराची, कागदावर आले 33 गुंठे.

जीपीएसचा सिग्नल येतो 20,200 किलोमीटरवरच्या उपग्रहांवरून, जमिनीवर पोचेपर्यंत अगदी क्षीण झालेला असतो. त्यात पावसाळ्यातली ओली पानं तो शोषून घेतात, आणि खोडावर आपटून आलेला सिग्नल जास्त अंतर कापून येतो म्हणून मशीनला जागा भलतीकडेच वाटते. मोकळ्या माळावर 3 ते 5 मीटर चूक धरायची, दाट झाडीत 10 मीटरही सहज होते, आणि स्क्रीनवर जो अचूकतेचा आकडा दिसतो तो मशीनचा स्वतःचा अंदाज असतो. हजार हेक्टरच्या सामूहिक हक्काला यानं फारसं बिघडत नाही. पण एक एकर म्हणजे साधारण 64 बाय 64 मीटर, त्यातल्या लागून असलेल्या दोन बाजू 6-6 मीटर आत सरकल्या की उरतात 33 गुंठेच, स्वतः गुणाकार करून बघा.

उपाय काही महाग नाही हो. साग मार्च ते मे उघडा असतो तेव्हा मोजा, एका कोपऱ्यावर पाच-दहा मिनिटं थांबून सरासरी घ्या, झाड आडवं येत असेल तर जवळच्या मोकळ्या जागेत पॉइंट घेऊन तिथून टेप लावा, आणि वनहक्क समितीचे लोक सोबत असू द्या. वनहक्क कायद्याच्या 2012 च्या सुधारित नियमांत तर स्पष्टच आहे की उपग्रह चित्रं आणि इतर तंत्रज्ञान हे बाकी पुराव्यांना पूरक, त्यांच्या जागी नाही. तरी प्रत्यक्षात मशीनचा आकडा आला की म्हाताऱ्या माणसांची साक्ष कुणी ऐकूनच घेत नाही, याचा फार त्रास होतो.

मे महिन्यात आम्ही शेजाऱ्यांसमोर टेप धरून काकांचं शेत मोजलं, 39 गुंठे भरलं. तो पंचनामा अपिलाला जोडलाय.

– वनहक्क समितीचा एक सदस्य, गडचिरोली जिल्हा