'सकर' तलावात सोडू नका

महोदय,

काचेच्या टाकीतलं शेवाळ खातो म्हणून 'सकर' मासा बोटभर लांबीचा विकला जातो. तो दीड फुटांपर्यंत वाढतो, हे विकताना सहसा सांगत नाहीत. टाकी अपुरी पडली की लोक त्याला जवळच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात नाहीतर बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, सोडून देतात; त्यांना ते पुण्यच वाटतं!

हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. अंगावर हाडांच्या कडक पट्ट्या, पाठीवर आणि छातीच्या परांना ताठ काटे. जाळ्यात सापडला की काटे उभे करतो, मग ओढाल तितकं जाळं फाटतं. अशा वेळी ओढू नये, काट्याभोवतीचे दोन-चार फासे कापून तो सोडवावा. नर काठाच्या मातीत हातभर खोल, कधी त्याहून लांब बिळं करून अंड्यांची राखण करतो. आपल्या तलावांच्या पाळी, म्हणजे बांध, मातीच्या, त्यामुळे बिळं वाढली की काठ ढासळतो. जठरातून हवा घेता येत असल्याने तो पाण्याबाहेर कित्येक तास जगतो. काठावर फेकलेला मासा मेला असं समजू नये. पुन्हा पाण्यात न सोडता मारून खड्ड्यात पुरावा.

टाकी साफ होते, हाही गैरसमजच. तो इतर माशांची विष्ठा खात नाही, उलट स्वतःच भरपूर घाण करतो. तळाला फिरणारा मासा हवाच असेल तर दोन-अडीच इंचांचे कोरीडोरास पाच-सहा घ्या, खाली बारीक वाळू घाला. टोकदार खडीने त्यांच्या मिशा झिजतात. वाढलेला सकर दुकानदाराला परत द्या.

— एक वाचक, जि. भंडारा