लावणीच्या यंत्राचं शिक्षण आधी मजूर बायकांना द्या

संपादक महोदय,

मी नंदगड भागातली. तरण्या पावसात बायकांची टोळी घेऊन रोप लावायला जाते. टोळीची हजेरी आणि पगाराचा हिशेब माझ्याकडेच असतो. आमच्या शिवारात आता भात लावणीचं यंत्र येऊ लागलंय, म्हणून हे पत्र.

यंत्राला आमचा विरोध नाही. दिवसभर चिखलात वाकून राहिलं की रात्री कंबर टेकवत नाही. गावातली पोरं बेळगावच्या उद्यमबागला, कारखान्यांत, नाहीतर गोव्याला कामाला जातात आणि टोळीतल्या निम्म्या बायका पन्नाशीच्या पुढच्या आहेत. माणसं मिळत नाहीत ही शेतकऱ्यांची तक्रार खरी आहे.

पण गावात प्रात्यक्षिक झालं तेव्हा नाव नोंदवायला एफआयडी नंबर, म्हणजे शेतकऱ्याचा सरकारी ओळख नंबर मागितला. तो जमिनीच्या उताऱ्यावरून मिळतो आणि आमच्यातल्या एकीचंही नाव उताऱ्यावर नाही. आम्ही बांधावर उभं राहून बघितलं. सगळी माहिती कानडीत होती. आमचं कानडी बाजारापुरतं. इंजिन, तेल, खोली कमी-जास्त करायचा दांडा हे समजून घ्यायला ते पुरत नाही.

बघताना एक गोष्ट मात्र सगळ्यांच्याच ध्यानात आली. या यंत्राला नेहमीच्या वाफ्यातलं रोप चालत नाही, चटईचं रोप लागतं. चाळलेली माती आणि कुजलेलं शेणखत ट्रेमध्ये बोटाच्या पेराएवढं पसरायचं, त्यावर मोड आलेलं बी सारखं टाकायचं, सुरुवातीला झारीनं जपून पाणी द्यायचं. पंधरा-वीस दिवसांत मुळं एकमेकांत गुंततात आणि रोपाची चटई उचलता येते. बी कुठे विरळ पडलं की तिथे यंत्राची बोटं रिकामी जातात, मग मागून नांग्या भरत फिरावं लागतं. चिखल केल्यावर तो एक-दोन दिवस बसू द्यावा लागतो, नाहीतर रोप आत गडप होतं. आमच्यातली थोरली काकू नुसता पाय घालून सांगते, अजून बसला नाही म्हणून. हे सगळं ज्यांच्या हातात आहे त्यांनाच प्रशिक्षणाबाहेर ठेवलं, याचं मला फार वाईट वाटतं.

चटईची रोपं करायचं काम गावच्या स्त्रीशक्ती संघाला, म्हणजे बायकांच्या बचत गटाला शिकवा. शेतकऱ्यानं ट्रेच्या हिशेबानं ती विकत घ्यावीत. कृषी यंत्रधारे केंद्रातून यंत्र भाड्यानं येतं, ते चालवायला टोळीतल्याच दोन-तीन पोरींना तयार करा, म्हणजे चालकाचा पगार गावात राहील. आणि प्रशिक्षणाच्या दिवसांची हजेरी द्या. रोजावर चूल पेटवणारी बाई चार दिवस बिनपगारी बसू शकत नाही.

केंद्र सरकारनं 2023 मध्ये ड्रोन दीदी योजना मंजूर केली, 15,000 बचत गटांना ड्रोन द्यायचं ठरलं. चांगलं आहे. पण ड्रोन उडवायच्या परवान्याला दहावी पास लागते आणि आमच्यात बहुतेकींची शाळा चौथीलाच सुटली. निदान ड्रोननं फवारायचं औषध किती पाण्यात कसं मिसळायचं, हातमोजे-मास्क का घालायचा, बॅटरी कशी सांभाळायची, एवढं तरी त्यांना शिकवा. औषधाशी गाठ त्यांचीच पडणार आहे.

मत्तीकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रात, धारवाडच्या कृषी विद्यापीठात जाणती माणसं आहेत. त्यांनी मराठीत समजावणारं कुणीतरी सोबत घेऊन खानापूर तालुक्यातल्या गावांत यावं. मृग लागला की कुणालाच सवड नसते, तेव्हा हे मे महिन्यातच व्हायला हवं. जागा आमच्या समाजमंदिरात आहे. बायकांना गोळा करायची जबाबदारी मी घेते.

– एक शेतमजूर महिला,
नंदगड परिसर, ता. खानापूर, जि. बेळगाव