परत वाचून दाखवा

मिरज,
९ जुलै

प्रिय सुनीता,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा संध्याकाळी मिळाले. दहा वर्षांच्या खंडानंतर तू पुन्हा लॅबमध्ये रुजू होते आहेस, हे कळल्यावर मी ते पत्र लगेच दुसऱ्यांदा वाचले. मशीन नवी असली तरी महिन्याभरात हात बसेल, धास्ती आहे ती बोलण्याची, असे तू लिहिले आहेस. सिस्टर घाईत असतात, डॉक्टर उलट प्रश्न विचारतात, काउंटरवर नातेवाईक आवाज चढवतात आणि अशा वेळी तुला शब्दच सुचत नाहीत. डीएमएलटीला, म्हणजे लॅब तंत्रज्ञाच्या अभ्यासक्रमात, आपण शीर शोधायला शिकलो, स्लाइड रंगवायला शिकलो, पण रात्री दोन वाजता वॉर्डला फोन लावून नेमके काय बोलायचे, याचा एकही तास झाला नाही. ते मी कामावरच शिकले, काही वेळा पेशंटला त्रास झाल्यावर शिकले. तुला तसे शिकावे लागू नये, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात त्या फोनपासूनच करते. नोकरीच्या पहिल्या वर्षी, मी दुसऱ्या एका रुग्णालयात असताना, रात्रपाळीला एका आजोबांची शुगर ४९, म्हणजे धोक्याइतकी कमी, आली. मी ताबडतोब वॉर्डला फोन केला आणि स्पष्ट आवाजात सांगितले, "शुगर एकोणपन्नास आहे." पलीकडे सिस्टरांच्या मागे कोणीतरी कण्हत होते, ट्रॉलीचा आवाज येत होता. त्यांनी "बरं" म्हटले आणि कागदावर ६९ लिहिले. त्यांना "एकोणसत्तर" ऐकू आले होते. वीस मिनिटांनी ड्यूटीवरचे डॉक्टर दुसऱ्याच पेशंटचा रिपोर्ट न्यायला लॅबमध्ये आले, त्यांनी छापील कागद पाहिला आणि ते धावतच वर गेले. ग्लुकोज दिल्यावर आजोबा सावरले, पण तोवर ते घामाने भिजून असंबद्ध बोलू लागले होते. मी आकडा बरोबर सांगितला होता आणि त्यांनी ऐकू आला तसा लिहिला होता. पलीकडे काय लिहिले गेले, हे विचारणे माझे काम आहे, एवढेच मला तोपर्यंत ठाऊक नव्हते.

आपल्या भाषेतले आकडे फोनवर फार फसवे असतात. एकोणपन्नास, एकोणसाठ आणि एकोणसत्तर, किंवा पंचावन्न, पंचाहत्तर आणि पंच्याऐंशी हे शब्द घाईत एकसारखेच ऐकू येतात. "साडेसहा" म्हटले की ऐकणाऱ्याला नुसते "सहा" ऐकू येऊ शकते, आणि पोटॅशियमच्या बाबतीत तो फरक लहान नाही. म्हणून मी आता आधी अंक सुटे सांगते, मग पूर्ण आकडा सांगते. "शुगर चार, नऊ; एकोणपन्नास." "पोटॅशियम सहा पॉइंट पाच. सहा, पॉइंट, पाच."

माझा फोन आता असा असतो: "सिस्टर, लॅबमधून मंगल बोलतेय. तातडीचा रिपोर्ट आहे, लिहून घेता का?" त्यांनी पेन हातात घेईपर्यंत मी थांबते. मग पेशंटचे पूर्ण नाव, आयपीडी (भरती पेशंटचा) नंबर, तपासणीचे नाव, आकडा आणि एकक सांगते, आणि शेवटी म्हणते, "कृपया परत वाचून दाखवा." पहिल्या काही फोनांच्या वेळी तुला या वाक्याचा संकोच वाटेल, समोरच्याला आपण अडाणी समजतो आहोत असे वाटेल. तो संकोच बाजूला ठेव. मी एका ज्येष्ठ सिस्टरांना एकदा सरळच सांगितले होते, "बाई, पूर्वी माझ्याकडून एकदा घोळ झाला आहे, म्हणून मी सगळ्यांनाच विचारते." तेव्हापासून त्या स्वतःहून वाचून दाखवतात. त्यानंतर रजिस्टरमध्ये वेळ, कोणाला सांगितले, काय सांगितले आणि परत वाचून घेतले की नाही, हे लिहायचे. कोणी फोन उचलला नाही तर तेही लिहायचे. लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या संस्थेची मान्यता ज्या आयएसओ १५१८९ या मानकावर मिळते, त्याच्या २०२२ च्या आवृत्तीतही अशा निरोपाची वेळ, देणारा, घेणारा आणि निरोप अचूक पोहोचल्याची खात्री, या साऱ्याची नोंद मागितली आहे. तपासणीसाठी कोणी येवो न येवो, ही नोंद तू स्वतःसाठी ठेव.

सिस्टरांशी बोलण्याचा दुसरा प्रसंग येतो तो सॅम्पल परत पाठवताना, आणि इथेच सर्वांत जास्त भांडणे होतात. गेल्या वर्षी एका बाईंचे पोटॅशियम ९.६ आणि कॅल्शियम ३.९ आले. एवढे पोटॅशियम असलेली व्यक्ती कॉटवर बसून पोहे खात नाही, आणि त्या खात होत्या. तुला आठवत असेल, जांभळ्या टोपणाच्या बल्बमधले (रक्ताच्या नळीतले) ईडीटीए हे रक्त गोठू न देणारे रसायन पोटॅशियमचेच मीठ असते आणि ते कॅल्शियमला धरून ठेवते, म्हणून त्या बल्बमधले थोडेसे रक्त जरी प्लेन, म्हणजे ते रसायन नसलेल्या, बल्बमध्ये पडले, तरी पोटॅशियम खोटे चढते आणि कॅल्शियम खोटे उतरते. आमच्या एका नव्या मुलाने वॉर्डला फोन करून "तुम्ही सॅम्पल चुकीचं घेतलंय" असे सांगितले. त्यावर "सॅम्पल बरोबरच आहे, मशीन बघा" असे उत्तर आले आणि फोन बंद झाला. मी दहा मिनिटांनी स्वतः वर गेले आणि विचारले, "सिस्टर, बाईंची शीर सापडायला त्रास झाला का? प्लेन बल्बला रक्त कमी पडलं होतं का?" त्या लगेच म्हणाल्या, "हो ना, तीनदा टोचलं, मग जांभळ्यातलं थोडं त्यात ओतलं." मी त्यांना ईडीटीएचे कारण तिथेच सांगितले, पुन्हा रक्त घेतले आणि पोटॅशियम ४.२ आले. काय घडले असेल याचा अंदाज आपण समजून घेऊन विचारला, की माणूस खरे सांगतो. दोष देत विचारले, की तो आधी स्वतःला सांभाळतो. नव्या सिस्टरांना मी निळ्या टोपणाच्या बल्बचेही असेच सांगते: नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट (हेही रक्त गोठू न देणारे) असते, रक्त खुणेपर्यंत भरले नाही तर पीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, खोटा वाढतो. कारण कळले की बल्ब आपोआप भरून येऊ लागतात.

पेशंटशी बोलताना प्रश्न कसा विचारतो, यावर सगळे अवलंबून असते. "तुम्ही अमुक ना?" असे कधी विचारू नकोस. घाबरलेला किंवा कमी ऐकू येणारा माणूस कशालाही मान डोलावतो. "तुमचं पूर्ण नाव सांगा" असे म्हण आणि ते फॉर्मशी ताडून बघ. उपाशीपोटी शुगर घ्यायची असेल तर "काही खाल्लंय का?" हा प्रश्न अपुरा आहे, कारण आपल्याकडे चहा हा खाण्यात धरत नाहीत. "अनशापोटीच आलोय" असे सांगणारे काका साखरेचा कपभर चहा पिऊन आलेले असतात आणि त्यांच्या मते ते खोटे बोललेले नसतात. म्हणून चहा, दूध, बिस्कीट, एकेक नाव घेऊन विचारावे. जेवणानंतरच्या शुगरचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हेही घड्याळातली वेळ सांगून समजवावे. आमच्याकडे सीमेपलीकडून कन्नड बोलणारे पेशंट रोज येतात, त्यांच्यासाठी मी "निम्म हेसरु एनु?" (तुमचं नाव काय?) आणि "चहा कुडिदिरा?" (चहा प्यायलात का?) एवढे तरी शिकून घेतले आहे. आपली भाषा ऐकल्यावर आजीचा आवळलेला हात सैल होतो आणि शीर लवकर मिळते, हे मी कितीदा तरी अनुभवले आहे.

काउंटरवरचे नातेवाईक हा वेगळा विषय आहे. पावसाळ्यात डेंग्यूचे पेशंट वाढले की प्रत्येक जण प्लेटलेटचा आकडा मागतो. रिपोर्टवर "१५०" आणि पुढे हजाराचे एकक असते. मागे एका तरुणाने "वडिलांच्या दीडशेच प्लेटलेट उरल्या" असे घरी कळवले आणि घरात रडारड झाली. त्या होत्या दीड लाख. म्हणून तू आकडा नेहमी एककासह, लाखांत किंवा हजारांत सांग. पुढचा अर्थ लावणे मात्र डॉक्टरांचे काम आहे. "काही गंभीर नाही ना?" या प्रश्नाला "काळजी करू नका" हे उत्तर देण्याचा आपल्याला अधिकार नाही. "हा रिपोर्ट घेऊन आत्ताच डॉक्टरांना भेटा, ते ओपीडीत आहेत" असे ठामपणे सांगता येते, आणि त्यानेही माणसाला आधार वाटतो. एचआयव्हीचा निकाल तर सख्ख्या भावालाही काउंटरवर सांगायचा नाही. त्यासाठी २०१७ चा कायदाच आहे.

डॉक्टरांसमोर जाताना "मॅडम, हा रिपोर्ट बरोबर वाटत नाही" एवढेच बोलू नकोस. काय दिसले, काय तपासले आणि काय करावेसे वाटते, हे तिन्ही सांग. उदाहरणार्थ, "प्लेटलेट १८ हजार आल्या, स्लाइडवर गुठळ्या दिसतात, सायट्रेट बल्बमध्ये पुन्हा घेऊन १.१ ने गुणून देऊ का?" (सायट्रेटने रक्त थोडे पातळ होते, म्हणून ते गुणणे) असे विचारल्यावर आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम हातातले काम ठेवून मायक्रोस्कोपकडे येतात.

पाळी बदलताना वहीत "मशीनला प्रॉब्लेम आहे, बघा" असे लिहून जाणारे लोक तुला भेटतील. तू तसे करू नकोस. माझी मागच्या आठवड्यातली नोंद तुला जशीच्या तशी देते (कंट्रोल म्हणजे मशीन तपासायला लावतो तो ठाऊक आकड्याचा नमुना): "पहाटे ४.२०, बिलिरुबिनचा दुसरा कंट्रोल मर्यादेबाहेर. नवी बाटली लावून पुन्हा घेतला, तरी बाहेर. तीन सॅम्पल थांबवली आहेत, फ्रीजच्या दुसऱ्या कप्प्यात, उजेड लागू नये म्हणून फॉइलमध्ये. वॉर्ड ५ ला उशीर होणार असे सिस्टरांना कळवले." सकाळच्या मुलीला मला झोपेतून उठवावे लागले नाही. वहीत चुकले तर एक सरळ रेघ मारायची, बाजूला सही आणि तारीख घालायची. व्हाइटनर लावायचा नाही, कारण खालचा आकडाही कधीतरी लागतो.

आणि चूक झालीच, दोन बल्बांवर लेबलांची अदलाबदल झाली, तर ते कोणाच्या लक्षात येण्याची वाट पाहू नकोस. "माझ्याकडून या दोन नावांत अदलाबदल झाली आहे, दोन्ही रिपोर्ट थांबवा" हे वाक्य त्या क्षणी बोलायचे. पहिल्यांदा ते बोलताना माझा घसा कोरडा पडला होता. पण रक्त चढवण्याआधी ते बोलले गेले, आणि त्या रात्री मला झोप लागली.

तू १ तारखेला रुजू होणार, म्हणजे मधले तीन रविवार आपल्या हातात आहेत. येत्या रविवारी सकाळी दहाला वही-पेन घेऊन बस, मी फोन करते. मी लॅब, तू वॉर्ड. मी वीस रिपोर्ट घाईघाईत सांगेन, स्वयंपाकघरात मिक्सरही चालू ठेवीन. तू लिहून घे आणि मला परत वाचून दाखव. मग उलट करू.

घरी सर्वांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
मंगल