पाठ फिरवल्याबद्दल आभार

काका,

स. न. वि. वि.

हे पत्र तुमच्यापर्यंत भाच्याच्या मोबाइलवरूनच पोहोचेल. 'दिवसभर लोकांचे ऱ्हस्व-दीर्घ वाचतो, तेवढं पुरे,' असं म्हणून तुम्ही इंटरनेटवर काही वाचत नाही. तोंडावर आभार मानायला आले होते, तर कार्डांचा गठ्ठा हातात देऊन 'मोजून घ्या' म्हणालात आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलात. म्हणून आता चारचौघांत लिहिते आहे.

चारचौघांना थोडं सांगावं लागेल. काकांचं अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बोळात डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, बिलबुकं, कार्डं. मी वह्या बनवते. आत हातकागद, दोऱ्याची शिवण, वर ठशांनी छापलेलं कापड. मी त्यांच्याकडे कार्डं छापायला गेले होते. जुन्या कार्डावरचा वेबसाइटचा पत्ता बदलायचा होता, कारण तो पत्ता माझा राहिला नव्हता.

ती वेबसाइट एका एजन्सीने केली होती. नाव घेत नाही. काचेचं ऑफिस होतं, कॉफीचं मशीन होतं आणि मला 'क्रिएटिव्ह आंत्रप्रनर' म्हणणारा एक गोड मुलगा होता. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, कोणाच्या नावावर, हे मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. 'तुमच्याच नावावर मॅडम, आणखी कोणाच्या असणार?' प्रत्यक्षात खातं त्यांचं, ईमेल त्यांचा, मालक म्हणून नोंदही त्यांचीच. माझं काय होतं? दरवर्षीचं बिल. मग एका वर्षी बिल आलंच नाही, फोन कोणी उचलेना, ऑफिसात गेले तर तिथे दातांचा दवाखाना.

चीड येते ती पुढच्या गोष्टीची. डॉट कॉमचं नाव मुदत संपली म्हणून दुसऱ्या दिवशी हातचं जात नाही. आधी काही दिवस नेहमीच्या दराने भरायला मिळतात, जास्तीत जास्त ४५. मग ३० दिवस दंड भरून सोडवता येतं. त्यानंतर ५ दिवस ते नुसतं अडकून राहतं आणि मगच बाजारात येतं. एवढा सगळा काळ सूचना जात असणार, पण जिथे जात होत्या ती पेटी उघडणारं कोणी नव्हतं आणि मला कोणी कळवणार नव्हतं. नाव भलत्यानेच उचललं आणि तिथे रमीच्या जाहिराती लावल्या. भीमथडी जत्रेत माझ्याकडून नातीसाठी वही घेतलेल्या एका आजींनी फोन केला, 'अहो, मागे छापलंय तिथे गेलं तर पत्ते खेळायला बोलावतात.' काय सांगणार त्यांना?

ओळखीच्या एका वकील मैत्रिणीने धीर दिला. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सांगितलंय म्हणे, की डोमेनचं नाव म्हणजे निव्वळ इंटरनेटवरचा पत्ता नव्हे, धंद्याच्या नावासारखंच त्यालाही कायद्याचं संरक्षण मिळू शकतं. ऐकून बरं वाटलं. पण रमीवाला कुठे बसलाय हे शोधत फिरायचं की वह्या शिवायच्या? त्यानंतर भेटलेल्या एका सल्लागाराने 'नेमिंग पॅकेज' म्हणून जो आकडा सांगितला त्यात माझा वर्षभराचा कागद आला असता. आणि त्याने सुचवलं काय, तर हँडमेड, क्रिएशन्स आणि पुणे, मध्ये दोन डॅश!

तर काका, अशा मनःस्थितीत मी तुमच्या काउंटरशी उभी होते. तुम्ही विचारलंत, 'नवा पत्ता काय टाकू?' मी म्हटलं, 'पुठ्ठा डॉट स्टुडिओ.' मला फार आवडलं होतं ते. तुम्ही पेन खाली ठेवलंत. म्हणालात, 'ताई, जरा बाहेर चौकात जा आणि तिथून मला फोन करून हेच सांगा.'

मला वाटलं चेष्टा करताय. गेले. रिक्षा, पीएमपीएमएलची बस, वह्यापुस्तकांची गर्दी, त्यात मी ओरडून 'पुठ्ठा, पुठ्ठा' म्हणतेय आणि एक मुलगा सहानुभूतीने मला स्टेशनरीचं दुकान दाखवतोय. परत आले तेव्हा काउंटरवर तीन चिठ्ठ्या होत्या, फोनवर जसं ऐकू आलं तसं लिहिलेल्या. तुमची, मशीनवरच्या पोराची आणि पत्रिकेचं प्रूफ तपासायला आलेल्या वधूपित्याची, ज्यांचा या सगळ्याशी काडीचा संबंध नव्हता. एकात दोन टी आणि एच. एकात नुसताच टी-एच. वधूपित्यांनी टी-एच, टी-एच असं दोनदा लिहून शेवटी ए पण दोन दिले होते. शिवाय तिघांपैकी दोघांनी स्टुडिओच्या पुढे आपणहून डॉट कॉम जोडलं होतं.

'लग्नपत्रिकांची नावं आयुष्यभर फोनवर घेतोय,' तुम्ही म्हणालात. 'ऐकणारा जे लिहितो तेच तुमचं नाव.'

हे त्या काचेच्या ऑफिसात कोणाला सुचलं नाही. आपली मराठी नावं रोमन लिपीत कशी फुटतात हे त्यांना माहीत नसेल असं नाही. ळ ला एल, ण ला एन, व ला कोणी व्ही तर कोणी डब्ल्यू, आकाराला एक ए की दोन हे ज्याच्या त्याच्या शाळेवर. गिऱ्हाईक एक अक्षर चुकलं की दुसऱ्याच्या दारात. पण ते नाव घेऊन रस्त्यावर उभं राहायची वेळ त्यांच्यावर कधी येणार नव्हती.

पुढचा तासभर तुम्ही माझ्यासाठी घालवलात, त्यातलं सगळं लिहीत नाही. काही गोष्टी मात्र इतर कलाकारांच्या कामाच्या आहेत. माझं पुढचं आवडतं नाव तुम्ही आधी ट्रेडमार्कच्या सरकारी नोंदवहीत बघायला लावलंत. ती कोणालाही फुकट बघता येते, आणि कागद, वह्या, स्टेशनरी १६ व्या वर्गात येतात. तिथे ते नाव आधीच कोणीतरी घेतलेलं निघालं. माझ्या घशात आवंढा, तुमच्या चेहऱ्यावर समाधान. 'छापायच्या आधी कळलं की नाही?'

पुणे नको म्हणालात, उद्या नाशिकला गेलात तर? वही नको म्हणालात, उद्या दिव्यांच्या शेड केल्या तर? कलाकाराचं काम बदलतं, माणूस तोच राहतो, म्हणून स्वतःचं नावच घाला. आणि मग जरा थांबून, खाली बघत, 'आडनाव माहेरचं की सासरचं, ते मी विचारत नाही' असं म्हणालात. खरं सांगते, हा प्रश्न न विचारण्याची इतकी अदब मला घरातल्या माणसांनीसुद्धा दाखवलेली नाही. मी म्हटलं, आडनावच नको. तुम्ही 'उत्तम, तेवढीच अक्षरं कमी' म्हणून मोकळे झालात.

मराठीचा अभिमान मला आहे, तुम्हाला माझ्याहून जास्त. देवनागरीतलं डॉट भारत २०१४ पासून मिळतं हे तुम्हीच सांगितलंत. घ्या म्हणालात, पण दुसरं म्हणून. ज्याच्या फोनवर मराठी कळफलक नाही त्याने ते टाइप कसं करायचं, आणि तसला ईमेल अजून कित्येक फॉर्म घेत नाहीत. मुख्य पत्ता डॉट इन ठरला. त्याच नावाचं डॉट कॉमही मोकळं होतं, तेही घ्यायला लावलंत, आणि दोन्ही ठिकाणी पहिल्या वर्षाच्या स्वस्त आकड्याखालचा, बारीक अक्षरातला दुसऱ्या वर्षाचा आकडा बोट ठेवून वाचून दाखवलात.

आणि आता ते, ज्याच्यासाठी खरं तर हे पत्र आहे.

इथपर्यंत सगळं तुमच्या कॉम्प्युटरवर चाललं होतं. पैसे भरायची वेळ आली आणि तुम्ही माउस सोडून दिलात. 'आता माझ्या मशीनवर नको. तुमचा मोबाइल काढा, खातं तुमचं, ईमेल तुमचा.' मी ईमेल सांगितला. तुम्ही विचारलंत, हा त्याच डोमेनवरचा तर नाही ना? डोमेन गेलं तर त्याच्याबरोबर तोही जाईल आणि कळवायलाही कोणी उरणार नाही. मग मला तुमचं स्टूल दिलंत. ओटीपी आला आणि मी सवयीने मोठ्याने वाचायला लागले, कारण आजवर प्रत्येकाने 'ओटीपी सांगा मॅडम' एवढंच म्हटलं होतं. तुम्ही हात वर केलात. 'अहो, मोठ्याने नाही!' आणि खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसलात.

भिंतीवर कॅलेंडर होतं. तुम्ही ते वाचत होतात की नुसते बघत होतात, माहीत नाही. मी मुद्दाम वेळ लावला. पासवर्ड टाकला, खोडला, पुन्हा टाकला. मशीनवरचा पोरगा काहीतरी विचारायला आला, त्यालाही तुम्ही मागे न बघता हातानेच थांबवलंत. मी 'झालं' म्हटल्यावर वळलात आणि पहिला प्रश्न विचारलात, 'मालक म्हणून कोणाचं नाव दिसतंय, वाचा.' मी माझं नाव वाचलं. तुम्ही ते मुकाट्याने कार्डाच्या प्रूफवर चढवायला घेतलंत, आणि मी चष्मा पुसायच्या निमित्ताने डोळे पुसले. वधूपित्यांनी ते पाहिलं बहुतेक. सभ्य माणूस, प्रुफात डोकं घालून बसले.

तुम्हाला हे फार झालं असं वाटेल. काका, मला मदत करणारे पुष्कळ भेटलेत. पण मदत करता करता किल्ली आपल्या खिशात राहू द्यायची, हेही त्यातल्या बहुतेकांनी केलंय. अकाउंट मी बघतो, पासवर्ड मी ठेवतो, तू फक्त तुझी कला कर. हे बोलणारे सगळेच लबाड नसतात, काही तर जिवाभावाचे असतात. बाईला आणि त्यातून कलाकाराला यातलं काही कळणार नाही ही त्यांची प्रामाणिक समजूत असते. तुम्हाला डोमेनमधलं जे येत होतं ते तुम्ही मला सगळं शिकवलंत, आणि जे तुम्हाला कळायची गरज नव्हती ते कळू नये म्हणून भिंतीकडे बघत बसलात. या शहराच्या तुसडेपणाचे विनोद आम्हीही सांगतो, बाहेरचेही सांगतात. त्या तुसडेपणाच्या आत दुसऱ्याच्या हक्काची इतकी चाड असते हे कोणाला विनोद करून सांगता येत नाही, म्हणून राहून जातं.

कार्डांवर मी सूट मागितली तेव्हा तुम्ही 'का?' एवढंच विचारलंत. बरोबर आहे. पूर्ण पैसे घेतलेत, पावती दिलीत, तासाभराच्या शहाणपणाचं नाव काढलं नाहीत.

नव्या पत्त्यावरून पहिली ऑर्डर काल नागपूरहून आली. त्या बाईंनी पत्ता माझ्या एका मैत्रिणीकडून फोनवर ऐकला होता आणि पहिल्याच फटक्यात बरोबर टाइप केला. हे मी मुद्दाम विचारून घेतलं.

आता एक काम. तांबट आळीतली माझी एक मैत्रीण मठारकाम केलेली भांडी विकते, तिला स्वतःचं डोमेन घ्यायचंय. शनिवारी तिला तुमच्याकडे पाठवते आहे. कार्डं तिलाही लागणार आहेत, पैसे पूर्ण देईल. तिच्या नावात ळ आहे आणि ण पण, तेव्हा चिठ्ठ्या जरा जास्त कापून ठेवा.

तुमची,
वहीवाली