पाण्याबद्दल आणि बाकीचं

बोईसर,
शनिवार, २६ मार्च २०११

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

बुधवारी मी फोन आपटला नाही. लाइन तुटली. तुझ्या आईला हे पटत नाही, तुलाही पटायचं नाही, तेव्हा तो विषय सोडून देऊ.

फोनवर माझं बोलणं आधी आणि विचार मागाहून होतो, म्हणून कागद घेतलाय. आशू आला की स्कॅन करून पाठवेल. ‘परत या’ हा विषय काढणार नाही असं तुझ्या आईला कबूल केलंय. फुकुशिमाच्या अणुकेंद्रात अपघात झाल्यापासून तुमच्या टोकियोच्या पाण्याचं जे चाललंय, फक्त त्याबद्दल लिहितो.

कानामाचीच्या जलशुद्धीकरण केंद्रातल्या पाण्यात लिटरमागे २१० बेकरेल (हे किरणोत्साराचं माप) आयोडीन-१३१, म्हणजे किरणोत्सारी आयोडीन, सापडलं. तिथली मर्यादा तान्ह्या मुलांसाठी १०० आणि मोठ्यांसाठी ३००. दुसऱ्या दिवशी तेच ७९ वर आलं आणि सूचना मागे घेतली. या मर्यादा एक-दोन दिवसांच्या पिण्यावर ठरवलेल्या नसतात. तेच पाणी सतत पोटात जात राहिलं तर काय, असा हिशेब त्यामागे असतो. तुझ्या तान्ह्या चिमणीने त्या पाण्यातलं दूध प्यायलं म्हणून तू रडत होतीस. तेवढ्याने तिला काही होत नाही. मी वहीत मांडून पाहिलं आणि पुन्हा तपासलं. आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मं होतं, पुढच्या आठ दिवसांत त्याच्या निम्मं. वॉर्डातून बाळामागे ५५० मिलीच्या ज्या तीन बाटल्या मिळाल्या, त्या फक्त तिच्या दुधाला ठेव. तुम्ही दोघं नळाचं खुशाल प्या. पाणी उकळून उपयोग नाही. उकळल्याने जंतू मरतात, आयोडीन मरत नाही. उलट पाणी आटेल तसं त्याचं प्रमाण वाढतं. आई फोनवर ‘उकळून दे गं’ म्हणते तेव्हा नुसतं ‘हो’ म्हण.

आणि मानेला बेटाडिन लावायचं नाही. इकडे बीबीसीच्या नावाने एक एसएमएस फिरतोय: किरणोत्सारी पाऊस येणार, घराबाहेर पडू नका, गळ्याला बेटाडिन चोळा. समोरच्या वहिनी दोन दिवस तपकिरी मान घेऊन फिरत होत्या. तो एसएमएस बनावट आहे. आयोडीनच्या गोळ्याही, तिथल्या लोकांनी सांगितल्याशिवाय घ्यायच्या नाहीत.

झालं पाण्याचं.

तू विचारलंस, ‘बाबा, आकडा घाबरण्यासारखा नाही म्हणता, मग तुमचा आवाज का कापतोय?’ तेवढ्यात लाइन तुटली.

फुकुशिमाचं पहिलं युनिट हे आपल्या टॅप्सच्या, म्हणजे तारापूर अणुवीज केंद्राच्या, पहिल्या दोन युनिट्सच्या घराण्यातलं आहे. जनरल इलेक्ट्रिकचं, उकळत्या पाण्याच्या अणुभट्टीचं. आपलं १९६९ चं, त्यांचं १९७१ चं. टीव्हीवर बाणांची चित्रं काढून समजावणारे अँकर जे नळ दाखवतात, त्या जातीच्या नळांच्या बाजूने मी टॉर्च घेऊन हिंडलोय. ११ मार्चला दुपारी पावणेतीनला भूकंप झाला, चालू भट्ट्या आपसूक बंद पडल्या, बाहेरची वीज गेली, डिझेल जनरेटर सुरू झाले. इथपर्यंत सगळं शिकवल्याप्रमाणे. मग पाऊण तासाने समुद्र आत आला. सगळी आखणी ५.७ मीटरच्या लाटेची होती, आली ती १४ मीटरच्या आसपास. जनरेटर पाण्यात गेले. चुलीतली लाकडं ओढून घेतली तरी निखारे राहतात तसं भट्टीचं असतं. बंद केल्या क्षणीही सहा-सात टक्के उष्णता शिल्लक असते, आणि ती दिवसेंदिवस काढत राहावी लागते. पंपाला वीज नाही म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको. नरोऱ्याच्या अणुकेंद्रात १९९३ साली आग लागून सगळी वीज गेली होती, सतरा तास. आपल्या लोकांनी आग विझवायच्या डिझेल पंपांनी पाणी पोचवलं. ही गोष्ट तू लहानपणापासून इतक्यांदा ऐकलीयस की तुला ती रामायणातली वाटत असेल.

परवा तिसऱ्या युनिटच्या टर्बाइन इमारतीत तीन कामगार केबल ओढत होते. खाली पाणी साचलेलं. त्यांचे किरणोत्सार मोजणारे डोसिमीटर वाजत होते. बिघडले असतील असं समजून ते काम करत राहिले. दोघांच्या पायात आखूड बूट होते, पाणी आत गेलं. त्यांना इस्पितळात हलवलंय. मी रात्री त्या बुटांचाच विचार करतोय. गमबूट कुणीतरी आणून ठेवायला हवे होते ना गं! आणीबाणी म्हणून कामगारांच्या अंगावर येणाऱ्या किरणोत्साराची मर्यादा १०० मिलिसिव्हर्टवरून २५० वर नेली, ते मी समजू शकतो. पण बूट? तिथे जी माणसं आत्ता आत आहेत, त्यांच्याबद्दल मला इतका अभिमान वाटतो की टीव्हीपुढे बसवत नाही. आणि त्यांच्या वरच्यांबद्दल काय वाटतं ते तुझ्या आईसमोर बोलत नाही.

कारण आकड्याची भीती नसते, मनू. आकडा कधी आणि कुणाकडून कळला, त्याची असते. पहिल्या दिवशी केंद्रापासून तीन किलोमीटरच्या आतल्यांना घरं सोडायला सांगितलं, दुसऱ्या दिवशी पहाटे दहा, संध्याकाळी वीस. मग वीस ते तीसवाल्यांनी दारंखिडक्या लावून घरात बसायचं. आणि काल त्यांनाच सांगितलं, जमलं तर स्वतःहून निघा, कारण तिकडे किराणा घेऊन कुणी जायला तयार नाही. अमेरिका आपल्या माणसांना ऐंशी सांगते. १२ तारखेला दुपारी ३:३६ ला पहिल्या युनिटची इमारत उडाली, ती साऱ्या जगाने टीव्हीवर पाहिली. नीट खुलासा यायला रात्र झाली. निळा डगला घातलेले ते सरकारचे प्रवक्ते एदानो, ते तरी बिचारे झोप न घेता उभे राहतात, मला त्यांचा राग येत नाही. पण वाऱ्याबरोबर कण कुठे पडतील याचा नकाशा काढणारी यंत्रणा सरकारकडे आधीपासून आहे, आणि तिचा नकाशा लोकांपुढे आला २३ तारखेला. एवढे दिवस माणसं कुठल्या दिशेला चालत गेली असतील? आणि केंद्र चालवणारी टेप्को ही तीच कंपनी, जिच्या तपासणीच्या नोंदी खोट्या निघाल्या म्हणून २००२ साली अध्यक्षांना जावं लागलं, सतराच्या सतरा भट्ट्या तपासणीसाठी बंद कराव्या लागल्या. २००७ मध्ये त्यांच्या काशिवाझाकीच्या अणुकेंद्राला भूकंप झाला तेव्हाही गळतीचा आकडा आधी कमी सांगितला, मागाहून वाढवला.

म्हणजे पाणी चांगलं आहे असं मी सांगतो, ते माझ्या हिशेबाने. हिशेबात घातलेला आकडा त्यांचा. इथे येऊन माझी वही अडते.

तुम्ही दोघं नाही, तर निदान चिमणीला घेऊन तू... नाही, लिहीत नाही.

आईचं सांगतो. त्या शुक्रवारपासून ती पलंगावर झोपत नाही, दाराजवळ चटई टाकते. इथे बोईसरला! कोयनेच्या भूकंपाच्या वेळी ती दहा वर्षांची होती. तिच्या मते ११ तारीखच वाईट. ती ११ डिसेंबरची पहाट होती, ही ११ मार्चची दुपार. कोयनानगरात घरं पडली, दोनशेच्या आसपास माणसं गेली, आणि अंधारात कुणीतरी ओरडलं, धरण फुटलं. सगळे डोंगराकडे पळाले. तुझे आजोबा धरणाच्या कामावर होते. ते बॅटरी घेऊन गेले, बघून आले, आणि सगळ्यांना सांगत सुटले: धरण उभं आहे, खाली या. कुणी आलं नाही. मला नेहमी हसू यायचं ते पुढच्या भागाचं. दिवसभर आजोबा लोकांना ‘धरण शाबूत आहे’ सांगायचे आणि रात्री आईला, मावशीला आणि आजीला गोधड्या देऊन डोंगरावरच झोपवायचे. आजी विचारायची, शाबूत आहे ना मग? ते म्हणायचे, ‘आहेच. तरी तुम्ही वर झोपा.’ ते खोटं बोलत नव्हते. धरण खरंच शाबूत होतं, भेगा पडल्या होत्या पण उभं होतं. आणि तरी.

तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे.

तू म्हणालीस, वरच्या मजल्यावरच्या आजींनी भूकंपात चिमणीला टेबलाखाली पोटाशी धरलं, त्या कुठे जात नाहीत, मग मी बॅगा घेऊन लिफ्टमध्ये त्यांच्या तोंडाकडे कशी बघू. हे ऐकून मी गप्प बसायला हवं होतं. त्याऐवजी मी ‘भावनेच्या भरात निर्णय घ्यायचे नसतात, आईपण म्हणजे जबाबदारी असते’ वगैरे सुरू केलं. तुला आईपण शिकवणारा मी कोण? तू झालीस तेव्हा मी शिफ्टमध्ये होतो. तेवढं भाषण मनावर घेऊ नकोस.

पण एक सांगतो, हे भाषण नाही. सामान भरलेलं असण्यात भित्रेपणा नसतो. पासपोर्ट, तिचं लसीकरणाचं पुस्तक, दूध पावडर, जावईबापूंची कागदपत्रं एका पिशवीत, दाराशी. तिकडे भूकंपाचे धक्के अजून चालूच आहेत, त्यासाठी तरी ठेव. ठरलेल्या वेळी वीज जाते ती वेगळी. तुमच्याकडे जात नसली तरी बॅटरीचे सेल ठेव. मुंबई-टोकियोच्या तिकिटांची मी चौकशी करून ठेवली आहे. चौकशीला पैसे पडत नाहीत.

तुला आठवतं का, कॉलनीत ड्रिल व्हायचं? भोंगा वाजला की घरात जायचं, खिडक्या लावायच्या. तू दुसरीत असशील. घिवलीचे कोळी होड्यांवरून हसत बघायचे, कुणी जाळं टाकून घरात यायचं नाही. आम्हाला त्यांचा राग यायचा. आणि तू शेजारणीचं मांजर बखोटीला धरून आत आणलंस, कारण रेडिओवर जनावरं आत बांधा असं सांगितलं होतं. ते मांजर तुला ओरबाडत होतं नि तू सोडायला तयार नव्हतीस. अख्ख्या कॉलनीत सूचना शब्दशः पाळणारी तू एकटी. मी ऑफिसात सगळ्यांना सांगत होतो, आमच्या मनूने मांजरसुद्धा वाचवलं.

आता तुझ्याकडे सूचना पाळण्यापलीकडचं काम आलंय: कुठली पाळायची ते ठरवायचं. मी तुझ्या जागी असतो तर काय केलं असतं, खरंच सांगता येत नाही. तंत्रज्ञ म्हणून विचारलंस तर सव्वादोनशे किलोमीटरवर राहायला हरकत नाही. हे मी सहीनिशी लिहून देईन. चिमणीचा आजोबा म्हणून विचारू नकोस.

बाकी इकडे ठीक. परवा युवराजने ऑस्ट्रेलियाला घरी पाठवलं, जावईबापूंनी पाहिलं असेलच. बुधवारी मोहालीला पाकिस्तान. पाडवा ४ तारखेला आहे. माझं बीपी आता बरं आहे, आईने तुला फोनवर जे सांगितलं ते वाढवून सांगितलंय.

मिठगवाण्याची मावशी पाडव्याला यायची म्हणतेय. जैतापूरच्या नियोजित अणुकेंद्रावरून तिचं नि माझं जे चालतं ते तुला माहीतच आहे. फेब्रुवारीत मुख्यमंत्री माडबनला येऊन गेले तेव्हापासून तिचा आवाज चढलेलाच होता, आता तर काय. मागच्या आठवड्यात फोनवर म्हणाली, ‘भावोजी, आता बोला.’ मी म्हटलं, ती ईपीआर जातीची अणुभट्टी, वेगळ्या पिढीचं डिझाइन, आपल्या किनाऱ्याला तशी लाट येत नाही, पंतप्रधानांनी सगळ्या केंद्रांची फेरतपासणी करायला सांगितली आहे. ती सगळं ऐकून म्हणाली, ‘डिझाइनचं तुम्हाला कळतं, भावोजी. काही झालं तर आम्हाला कितव्या दिवशी सांगणार, तेवढं सांगा.’ मी तिला चहाचं विचारावं तसं काहीतरी बोलून फोन तुझ्या आईकडे दिला.

तिने तुझा नंबर मागितला, मी दिलाय. तिचा फोन आला तर तिकडे जे पाहतेयस ते तिला नीट सांग. माझ्या बाजूने बोलायची गरज नाही.

तुझा,
बाबा