शनिवारी बेसबॉल कार्डांची अदलाबदल

मंडळी, या शनिवारी दुपारी ३ वाजता बेसबॉल खेळाडूंच्या फोटोंची कार्डं अदलाबदल करायला नेहमीच्या हॉलमध्ये जमायचं आहे. लिटल लीगची (मुलांच्या बेसबॉलची) मॅच संपवून येणाऱ्यांनी थोड्या उशिरा आलं तरी चालेल.

कार्डांच्या गठ्ठ्याला रबर बँड लावून आणू नका. कडा दबतात, कोपरे दुमडतात, आणि कोपरा गेला की कार्डाचा भाव गेलाच. आधी पातळ प्लॅस्टिकचं पाकीट, मग हवं तर वरून टॉपलोडर, म्हणजे कडक प्लॅस्टिकचं कव्हर.

आणखी एक कळकळीची विनंती. गराज सेलमधले (घरातल्या जुन्या वस्तूंच्या विक्रीतले) १९८०च्या दशकाच्या शेवटचे गठ्ठे 'जुने आहेत' म्हणून लहान मुलांच्या गळ्यात मारू नका. त्या काळात कंपन्यांनी इतकी कार्डं छापली की बहुतेकांना आज फारशी किंमत नाही. बेसबॉलपटू केन ग्रिफी ज्युनियरचं अप्पर डेक कंपनीचं १९८९चं कार्ड, क्रमांक १, हा त्यातला मानाचा अपवाद. कोणाकडे असेल तर मुलांना जरूर दाखवा.

भाव बघायचा तर विक्रेत्याने मागितलेला नको, प्रत्यक्षात विकल्या गेलेल्या कार्डाचा बघा. आणि आवडत्या टीमच्या कार्डासाठी मुलाने महागडं कार्ड दिलं, तर आई-बाबांनी एकदा समजावून सांगावं, पण शेवटचा शब्द त्याचाच.

टेबल हवं असल्यास गुरुवारपर्यंत कळवा.