तुम्ही बाळाला हात लावला नाहीत

गटप्रवर्तक ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, आणि वरून कुणी "पत्र कशाला लिहून घेतलंत?" असं विचारलं तर ती आणखी एक कटकट. पण हे पत्र चार लोकांनी वाचावं असं वाटतं. तुमच्या महिन्याच्या अहवालात किती भेटी झाल्या त्याचा रकाना आहे, त्या भेटींनी काय झालं त्याचा नाही.

खरं सांगू? पहिल्या दिवशी तुमचा रागच आला होता. जुलै 2022, अकोले तालुक्याच्या पश्चिमेकडचा पाऊस, चुलीवर वाळत घातलेले लंगोट. मुलगी 1 किलो 900 ग्रॅमची. तिसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यातून घरी आलो आणि दुपारी तुम्ही आमच्या वाडीच्या आशाला, म्हणजे घरोघर फिरणाऱ्या आरोग्य कार्यकर्तीला, घेऊन आलात; आशांवर देखरेख हे तुमचं काम. आशा नवी होती. झोळीचा काटा लावताना तिचे हात थरथरत होते. मला वाटलं, इतक्या वर्षांच्या अनुभवी बाई समोर बसल्यात, घ्यावं ना बाळ हातात! तुम्ही मात्र उंबऱ्याशी टेकून कोरा चहा पीत बसलात. आशा चुकली तेव्हा एवढंच म्हणालात, "काटा आधी शून्यावर आणतेस का?" तिनं आणला. दुसऱ्यांदा वजन बरोबर आलं.

पुढच्या बेचाळीस दिवसांत तुम्ही माझ्या लेकीला एकदाही उचललं नाहीत. ते का, हे कळायला मला बराच वेळ लागला.

माझ्या सासूबाई तुम्हाला आठवतच असतील. "आम्ही पाच पोरं वाढवली, तवा कुठं व्हती तुमची आशा?" हे त्यांचं पहिलं वाक्य. खाटेखाली शेगडी पेटवून ठेवलेली, खोलीत धूर, आणि बाळाला लगेच न्हाऊ घालायची घाई. आशानं पुस्तकातलं सांगायला सुरुवात केली तशी सासूबाईंनी तोंड फिरवलं. तुम्ही विषयच बदललात. त्यांना विचारलंत, "आजी, पाचातलं एखादं थंड पडलेलं आठवतं?" सासूबाई गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, पाच वाढली, पण झाली होती सात. हे मला नवऱ्यानंही कधी सांगितलं नव्हतं. त्याला तरी माहीत होतं की नाही कोण जाणे.

त्यानंतर शेगडी पडवीत गेली आणि अंघोळ लांबली. पण तुम्ही तिथेच थांबला नाहीत. सासूबाईंनाच कामाला लावलंत. त्यांना शंभरापर्यंत आकडे येत नाहीत, दहापर्यंत येतात. तुम्ही अंगणातले सहा चिंचोके धुऊन त्यांच्यापुढे ठेवलेत. बाळाचं पोट वरखाली होतं तसे दहा श्वास मोजायचे आणि एक चिंचोका सरकवायचा. आशा घड्याळ बघून मिनिट संपल्याचं सांगणार. मिनिट संपायच्या आत सहावा सरकला तर पुन्हा मोजायचं, आणि पुन्हा तसंच झालं तर थांबायचं नाही, निघायचं. नवजात बाळाचे मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे धोका, हे त्यांना आकड्यानं कळलं नसतं. चिंचोक्यानं कळलं.

ही युक्ती तुमचीच असं मला वाटलं होतं. नंतर वाचनात आलं की मणी सरकवून श्वास मोजायचं साधन गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं फार आधी वापरलं होतं. तिथल्या 39 गावांत गावच्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 साली ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. देशभरच्या आशा आज तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात, त्याचं मूळ तिथे आहे. आमच्या पडवीतले चिंचोके त्या मण्यांचे लांबचे नातेवाईकच म्हणायचे.

नवऱ्याचं काय केलंत ते तर अख्ख्या वाडीला ठाऊक आहे. बाळाला उघड्या छातीशी धरून बसायचं हे माझं काम, असं मी समजत होते. तुम्ही त्याला विचारलंत, "तुमची छाती गार असते का हो?" लाजत लाजत बसला बिचारा, सासूबाईंचं जुनं लुगडं गुंडाळून. आतल्या खोलीत बसायला निघाला, तर तुम्ही म्हणालात, पडवीत बसा, वारा लागणार नाही अशा कोपऱ्यात. येणारे-जाणारे फिदीफिदी हसले. आठ दिवसांनी त्यातल्याच एकानं मला हळूच विचारलं, "वहिनी, ते लुगडं कसं बांधायचं?" त्याची बायको आठव्या महिन्यात होती. नवऱ्याला पडवीत का बसवलंत, ते मला तेव्हा उमगलं.

आता अकराव्या रात्रीबद्दल. पण त्याआधी तिसऱ्या दिवशी तुम्ही विचारलेला प्रश्न सांगते, कारण आमची मुलगी त्या प्रश्नामुळे आहे. उठता उठता तुम्ही सहज म्हणालात, "रात्री दोन वाजता काय कराल?" नवरा म्हणाला, 108 ला फोन. "रेंज कुठं आहे?" टेकाडावरच्या शाळेपाशी. "ओढ्याला पाणी असेल तर गाडी कुठपर्यंत येईल?" तो गप्प. "मग?" त्या संध्याकाळी तुम्ही आणि आशा ओढ्यापलीकडच्या जीपवाल्याकडे जाऊन आलात. त्याचा नंबर कोळशानं आमच्या दारावर लिहिलात. साकवावरून मला उचलून न्यायला चार पोरांची नावं ठरवलीत. अपशकुन वाटून सासूबाई दोन दिवस धुसफुसत होत्या.

अकराव्या रात्री बाळ दूध ओढेना. अंग गार. सासूबाईंनी आपणहून चिंचोके काढले, नवऱ्यानं घड्याळ धरलं. सहावा सरकला तेव्हा मिनिट संपायला वेळ होता. पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. सासूबाई म्हणाल्या, "आता काय बघत बसलास, शाळंकडं पळ." पाच पोरं वाढवलेल्या बाईंनी अंगारा मागवला नाही, देवऋषी आठवला नाही. 108 ची गाडी ओढ्यापलीकडे पोचायला दोन तास लागणार होते. जीप वीस मिनिटांत पलीकडे उभी होती. मला खुर्चीत बसवून चौघांनी साकव पार केला, बाळ नवऱ्याच्या छातीशी लुगड्यात.

दवाखान्याच्या दारात आमच्याबरोबर आलेल्या आशाला कुणीतरी खेकसलं, "तू कोण? बाहेर थांब." तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती हलली नाही. तुम्ही तिच्याकडून घोकून घेतलेले चार शब्द तिनं म्हटले: वेळ, श्वास, ताप, दूध. किती वाजल्यापासून, मिनिटाला किती, थर्मामीटरवर किती, शेवटचं कधी प्यायली. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि लगेच बाळ आत घेतलं. जंतुसंसर्ग होता. नऊ दिवस काचेच्या पेटीत काढून विसाव्या दिवशी आम्ही घरी आलो. एकविसाव्या दिवशी आशा काटा घेऊन हजर. या वेळी हात थरथरत नव्हते.

त्या रात्री तुम्ही कुठे होतात? तीस किलोमीटर लांब, आपल्या घरी झोपलेल्या. सकाळी फोन लागला तेव्हा तुमचा पहिला प्रश्न, "आशा जेवली का?" त्यावेळी मला तो जरा विचित्रच वाटला होता.

त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या 10 लाखांहून जास्त आशांना आरोग्यातल्या नेतृत्वाचा पुरस्कार दिला. नेतृत्व म्हटलं की आमच्याकडे फ्लेक्सच आठवतो: वर हात जोडलेला मोठा फोटो आणि खाली शुभेच्छुकांची रांग. तुमचा फ्लेक्स कुणी लावणार नाही. वीसेक आशा सांभाळायच्या, पावसात वाड्या पालथ्या घालायच्या, आणि मोबदल्यात दौऱ्यांचा प्रवासभत्ता धरलेला. तोही वेळेवर येत नाही, हे तुम्ही नाही सांगितलंत, आशानं सांगितलं. ऑक्टोबर 2023 मध्ये राज्यातल्या आशा आणि गटप्रवर्तक संपावर गेल्या, तेव्हा आमच्या लेकीची पंधराव्या महिन्याची भेट होती. ती चुकली. आशाला फार अपराधी वाटत होतं. सासूबाई म्हणाल्या, "बस तिकडं मैदानात. आम्ही वजन करू." आणि केलंही, किराणा दुकानाच्या काट्यावर.

तर ताई, आभार. तुम्ही बाळ हातात घेतलं असतं तर त्या दुपारी मला फार बरं वाटलं असतं. पण मग अकराव्या रात्री आम्ही सगळे तुमची वाट बघत बसलो असतो.

मुलगी आता अंगणवाडीत जाते, भांडकुदळ आहे, आजीवर गेलीय. चिंचोके सासूबाईंनी कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवलेत. परवा आशानं ते प्रशिक्षणात दाखवायला मागितले, तर म्हणाल्या, "न्यायचे नाहीत. खालच्या आळीला पोर व्हायचंय."

तुमची,
1 किलो 900 ग्रॅमवाल्या पोरीची आई